बारा आठवडे आणि एक वही : पन्नाशीत शिकलेलं मेट्रोचं नियोजन

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत हिशेब बघते. सत्तावीस वर्षं झाली. वय ५१, शिक्षण बी.कॉम. राहायला कोथरूडला, वनाज मेट्रो स्टेशनपासून चालत आठ मिनिटांवर. गेल्या जुलैच्या सत्रात मी एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या उपक्रमातला शहरी वाहतूक नियोजनाचा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम केला आणि परीक्षाही दिली. नाव नोंदवण्याआधी मी माझ्या वयाच्या, माझ्यासारख्या शिक्षणाच्या कुणाचा अनुभव वाचायला मिळतो का ते शोधत होते. मिळाला नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात अभ्यासाच्या हौसेने झाली नाही. १ ऑगस्ट २०२३ ला वनाजकडून येणारी आणि पिंपरीकडून येणारी अशा दोन्ही मेट्रो सिव्हिल कोर्टाला येऊन मिळाल्या आणि माझी वीस वर्षांची स्कूटर सुटली. वनाजहून सिव्हिल कोर्ट, तिथून खाली उतरून दुसरी गाडी, नाशिक फाट्याला उतरायचं, पुढे शेअर रिक्षा. कंबर सुधारली. पण ऑफिसातला एक मुलगा रोज विचारायचा, "मॅडम, स्कूटरने पंचावन्न मिनिटं लागायची, आता पासष्ट लागतात. मग फायदा काय?" मला फायदा वाटत होता, पण आकड्यात सांगता येत नव्हतं. हिशेब करणाऱ्या बाईला हे टोचतं.

आधी मी पैसे घालवले. एका खासगी ऑनलाइन क्लासची जाहिरात बघून १४,५०० रुपये भरले. कुणाचा क्लास ते लिहीत नाही. चार रेकॉर्ड केलेले तास मिळाले, त्यातले तीन जगातल्या मेट्रोंच्या फोटोंचे. शंका विचारली तर "टीम संपर्क करेल" असं उत्तर यायचं. परतावा मागितल्यावर तेवढंही येईना. ते पैसे बुडीत खात्यात टाकले. हे इथे लिहायचं कारण एवढंच, की या विषयाचं उत्तम शिक्षण फुकट उपलब्ध आहे हे मला आधी माहीत असतं तर ते वाचले असते.

एनपीटीईएल हा आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीचा २००३ पासूनचा उपक्रम. शिकायला पैसे लागत नाहीत. परीक्षा द्यायची असेल तरच १,००० रुपये. आठवड्याला साधारण पाच व्हिडिओ, प्रत्येक अर्ध्या तासाच्या आसपास, आणि त्यावर एक स्वाध्याय. बारापैकी सर्वांत चांगले आठ स्वाध्याय धरतात, त्यांचे २५ गुण. केंद्रावर जाऊन कॉम्प्युटरवर तीन तासांची परीक्षा, तिचे ७५. प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायात किमान १० आणि परीक्षेत किमान ३० लागतात. नोकरी करणाऱ्याला ही रचना झेपते. मार्चअखेर असो नाहीतर घरात कुणी आजारी पडो, चार आठवडे सुटले तरी बुडत नाही.

शिकवणं इंग्रजीत आहे. मी पहिल्या दिवसापासून दोनशे पानी वही केली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे माझा. 'हेडवे' म्हणजे दोन गाड्यांमधलं वेळेचं अंतर. 'ड्वेल टाइम' म्हणजे फलाटावरचा थांबा. 'ट्रिप'ला मी प्रवास लिहिलं, मग फेरी, शेवटी 'खेप' लिहिलं आणि तेच राहिलं. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी, एका कामासाठी, एका दिशेने जाणं म्हणजे एक खेप. या शब्दाकडे पुन्हा येते.

माझं ऐकणं गाडीतच व्हायचं. वनाज ते सिव्हिल कोर्ट सोळा मिनिटं, सिव्हिल कोर्ट ते नाशिक फाटा सतरा. जाताना एक व्हिडिओ, येताना तोच पुन्हा. स्कूटरवर हे शक्य नव्हतं, हे त्या मुलाला द्यायचं पहिलं उत्तर.

दुसरं उत्तर अभ्यासातून आलं आणि त्याने माझ्या डोक्यातला एक जुना समज काढून टाकला. आमच्या खात्यात रुपया हा रुपयाच असतो. मला वाटायचं, मिनिटही मिनिटच. नियोजनात तसं धरत नाहीत. गाडीत बसून गेलेलं मिनिट एक धरलं, तर थांब्यावर वाट बघण्यात किंवा चालण्यात गेलेलं मिनिट माणसाला साधारण दुप्पट वाटतं, आणि हिशेबात ते तसंच धरतात. मी त्याच रात्री माझा प्रवास मांडला. घर ते वनाज चाल ८, गाडीची वाट ३, गाडीत १६, सिव्हिल कोर्टाला वरून खाली ५, पुन्हा वाट ३, गाडीत १७, नाशिक फाट्याला रिक्षा भरेपर्यंत ४, रिक्षात ९. बेरीज ६५. यात वाहनात बसलेली मिनिटं ४२, चालण्याची आणि ताटकळण्याची २३. दुप्पट धरली तर ४२ अधिक ४६, म्हणजे ८८. माझ्या शरीराला पासष्ट मिनिटांचा प्रवास अठ्ठ्याऐंशीचा वाटत होता. मुलगा चूक बोलत नव्हता.

पण मग दुरुस्ती कुठे करायची? आपण सगळे म्हणतो, गाडी जोरात पळवा. नाशिक फाट्यावरची चार मिनिटांची वाट माझ्या वहीत आठ मिनिटांची आहे. तेवढीच आठ मिनिटं गाडीच्या वेगातून वाचवायची, तर तेहतीसची पंचवीस करावी लागतील, म्हणजे वेग जवळपास एक तृतीयांशाने वाढवावा लागेल. तो का वाढत नाही, तेही गणित करून बघता येतं. गाडी ताशी ८० किलोमीटरपर्यंत जाते असं धरा. प्रवासी पडू नयेत इतक्या बेताने वेग घ्यायला तिला साधारण २२ सेकंद आणि अडीचशे मीटर लागतात, थांबायलाही तेवढेच. स्टेशनं किलोमीटरभर अंतरावर असतील, तर अर्धा रस्ता वेग घेण्यात आणि कमी करण्यातच जातो. त्यात फलाटावरचा अर्धा मिनिट मिळवला, की एका किलोमीटरला ९७ सेकंद होतात, म्हणजे सरासरी ताशी ३७. कमाल वेग ८० चा १०० केला तरी फार फरक पडत नाही. एक स्टेशन वगळलं तर पन्नासएक सेकंद वाचतात, पण त्या स्टेशनावरच्या माणसाची चाल वाढते, आणि चाल दुपटीने मोजायची असते. हे वर्तुळ मी स्वतः आकडे घालून पूर्ण केलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. इतका आनंद मला बॅलन्स शीट जुळल्यावरच होतो.

नाशिक फाट्याला गाडीच्या वेळेला धरून बस उभी असणं ही मला वाटायची किरकोळ सोय. मेट्रो तेवढी खरी, बाकी सगळं नंतर. आता मी उलट म्हणते. शेवटची बस ही मेट्रोचाच एक डबा आहे.

सिव्हिल कोर्ट स्टेशनवर मी सहा शनिवार काढले. वनाजची गाडी उंच पुलावर येते आणि स्वारगेटची जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर, त्यामुळे बदलाची खरी मोजणी करायला याच्याइतकी चांगली जागा पुण्यात नाही. मोबाइलवर वेळ लावायची, गाडीतून पाय बाहेर पडला की सुरू, खालच्या फलाटावर पाय पडला की बंद. माझ्या चालीने चार मिनिटं पन्नास सेकंद. सरकत्या जिन्यावर उभं न राहता उतरत गेलं तर तीन पन्नास. सासूबाईंना घेऊन, लिफ्टने, नऊ मिनिटं दहा सेकंद. ही तीन माणसं आराखड्यात 'एक प्रवासी' म्हणून येतात. वहीत मी तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि त्या दिवशी पुढचा व्हिडिओ लावला नाही.

वनाजलाही शिकण्यासारखं आहे, तिथे फक्त बघायचं. गाडी शेवटच्या स्टेशनला आली, की ड्रायव्हर एका टोकाच्या केबिनमधून उतरतो, बॅग खांद्याला लावतो आणि फलाटावरून चालत दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जातो. तीन डब्यांच्या गाडीला हे मिनिटभराचं काम. मी दोन वर्षं हे बघत होते आणि त्यात काही बघण्यासारखं आहे हे कळलं नव्हतं. गाड्या किती कमी अंतराने सोडता येतील, हे बऱ्याचदा मधल्या रुळांवर ठरत नाही, शेवटच्या स्टेशनवर गाडी किती चटकन फिरते यावर ठरतं. गाडी लांब झाली की ही चालही वाढते. म्हणून काही शहरांत दुसरा ड्रायव्हर त्या टोकाला आधीच उभा ठेवतात. आणि अंतराचं महत्त्व साध्या गुणाकारात आहे. एका गाडीत समजा हजार माणसं मावतात. सहा मिनिटांनी गाडी म्हणजे तासाला दहा गाड्या, एका दिशेला दहा हजार माणसं. तीन मिनिटांनी सोडली तर वीस हजार. पूल तोच, बोगदा तोच. गाड्या मात्र दुप्पट लागतात आणि त्या फिरवण्याची जागाही.

वाट बघण्याच्या प्रकरणात आमच्या सोसायटीतल्या काकांनी मदत केली. ते पीएमटीत आणि पुढे पीएमपीएमएलमध्ये ड्रायव्हर होते, आता निवृत्त. व्हिडिओत होतं की गाड्या नियमित असतील तर सरासरी वाट अंतराच्या निम्मी. दहा मिनिटांनी बस, तर पाच मिनिटं. मग स्वाध्यायात विचारलं, दोन बस जोडीने आल्या तर? बसची संख्या तीच, पण दर वीस मिनिटांनी दोन. सरासरी वाट दहा मिनिटं होते. डिझेल तेवढंच, पगार तेवढाच, आणि वाट दुप्पट. मला हे गणिताने पटलं, पण बस जोडीने येतातच का ते समजेना. काका म्हणाले, "वहिनी, सोपं आहे. पुढच्याला जरा उशीर झाला की थांब्यावर माणसं जास्त साठतात. ती चढवण्यात त्याला अजून उशीर. मागच्याला थांबे मोकळे मिळतात, तो पळतो. डेक्कनपर्यंत दोघं एकामागे एक. मग पुढचा गच्च, मागचा रिकामा, आणि शिव्या दोघांना." हेच पुस्तकात समीकरणांत आहे. मी काकांना ते पान वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून आकृती नीट बघितली आणि म्हणाले, "एवढी वर्षं हे आमच्या हातून होत होतं, त्याला नाव आहे होय."

अवघड भाग कुठला, तर सहावा ते नववा आठवडा. इथे चार पायऱ्यांचं मॉडेल येतं. शहरातून खेपा किती निघतील, त्या कुठून कुठे जातील, कशाने जातील आणि कुठल्या वाटेने जातील. ही पद्धत १९५० च्या दशकात अमेरिकेत डेट्रॉइट आणि शिकागोच्या अभ्यासांत घडली आणि आजही मेट्रोच्या अहवालांचा कणा तीच आहे. दुसऱ्या पायरीत न्यूटनचं गुरुत्वाकर्षण येतं, दोन भाग जितके मोठे आणि जवळ तितकी त्यांच्यात ये-जा जास्त. तिथवर ठीक. तिसऱ्या पायरीत, माणूस कशाने जाईल याची शक्यता काढणारं 'लॉजिट' हे सूत्र आलं आणि त्यात 'ई' हा आकडा. तीस वर्षांनी घातांक बघून मी दोन दिवस वही उघडली नाही. मग लक्षात आलं, की चक्रवाढ व्याज वर्षाला न लावता क्षणाक्षणाला लावलं तर जो आकडा निघतो तोच हा. व्याज तर माझं रोजचं काम. त्यावरून हात धरून पुढे गेले.

लॉजिटचं सार मला असं समजलं. ज्याला मेट्रो आणि स्कूटर जवळपास सारखीच पडते, तो काठावर उभा आहे. त्याची दोन मिनिटं वाचवली तर तो इकडे येतो. ज्याला मेट्रो फारच लांब पडते, त्याची दहा मिनिटं वाचवली तरी तो हलत नाही. म्हणजे पैसा खर्च करताना काठावरची माणसं कुठे राहतात हे शोधायचं. हे शास्त्र उभं करणारे डॅनियल मॅकफॅडन. सॅन फ्रान्सिस्कोकडची बार्ट रेल्वे १९७२ मध्ये सुरू झाली. अधिकृत अंदाज होता की कामावर जाणाऱ्यांपैकी १५ टक्के लोक ती वापरतील. मॅकफॅडन यांच्या गणिताने ६.३ टक्के सांगितले. प्रत्यक्षात आले ६.२. त्यांना २००० साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडे एखाद्या मार्गाला अंदाजापेक्षा कमी प्रवासी मिळाले की लगेच 'लोकांना सवय नाही' म्हणतात. हा किस्सा वाचल्यापासून मी आधी अंदाज कसा काढला होता ते विचारते.

आता खेप. घरोघरच्या सर्वेक्षणाचा आठवडा आला, त्यात प्रवासाची दैनंदिनी कशी भरतात ते शिकवलं. मी सरावासाठी माझी भरली. घर ते ऑफिस, ऑफिस ते घर. दोन खेपा. वरच्या मजल्यावर माझी धाकटी जाऊ राहते, तिला म्हटलं तुझीही भरू. ती म्हणाली, "ताई, मी कुठे जाते? मी घरीच असते." तरी बसलो दोघी. पावणेसातला दूध आणायला, परत. सव्वासातला मुलाला शाळेच्या बसपाशी सोडायला, परत. साडेनऊला सासूबाईंना गुडघ्याच्या व्यायामाला रिक्षाने, परत. साडेबाराला बँकेत, बँकेतून औषधाच्या दुकानात, तिथून घरी. चारला मुलाला क्लासमधून आणायला, येताना भाजी, मग घर. मी बोटाने मोजत होते. बारा.

बारा खेपा, आणि कामाच्या रकान्यात तिने स्वतःच सांगितलं, 'काही नाही'. यातल्या निम्म्याहून जास्त पायी. कित्येक सर्वेक्षणांत छोट्या पायी खेपा नीट नोंदवल्याच जात नाहीत, आणि सगळं लक्ष सकाळी कामावर जाणाऱ्या आणि संध्याकाळी परतणाऱ्या माणसावर असतं. ज्याची नोंद नाही त्याची तरतूद नाही, हे मी सत्तावीस वर्षं बघते आहे, पण ते माझ्याच घरात वरच्या मजल्यावर असेल असं वाटलं नव्हतं. मीही तिला 'घरीच असते' असंच समजत होते. त्या रात्री मी तिची दैनंदिनी स्वच्छ अक्षरात उतरवून काढली. ती माझ्या वहीतली सगळ्यात महत्त्वाची दोन पानं आहेत.

जमाखर्चाच्या माणसासाठी अजून एक गोष्ट. २०१७ च्या मेट्रो धोरणाने केंद्राची मंजुरी मिळण्यासाठी किमान १४ टक्के आर्थिक परताव्याची अट घातली. आधी प्रकल्पाच्या स्वतःच्या तिजोरीत ८ टक्के यावेत असं बघायचे. नव्या पद्धतीत लोकांचा वाचलेला वेळ, कमी झालेले अपघात, कमी झालेला धूर हे सगळं रुपयांत मांडून जमेला धरतात. शिवाय मेट्रोच हवी की बसमार्गानेही भागेल, हे आधी तपासावं लागतं. तिकिटांवर मेट्रो तोट्यात चालते असं ऐकलं की मी पूर्वी मान हलवायचे. आता विचारते, जमेच्या बाजूला कोणाकोणाची मिनिटं लिहिली आहेत? जाऊबाईंची आहेत का?

परीक्षेत मला ७१ मिळाले. प्रमाणपत्राचा माझ्या नोकरीत उपयोग नाही आणि मला तो नको आहे.

घ्यावा का हा अभ्यासक्रम? दहावीपर्यंतचं गणित घासून घ्यायची तयारी असेल आणि आठवड्याला सहा तास काढता येत असतील तर जरूर. नुसते व्हिडिओ बघणार असाल तर तिसऱ्या आठवड्यात सुटेल. रोज ज्या मार्गाने जाता त्याची मिनिटं पहिल्याच दिवशी लिहून ठेवा, प्रत्येक नवी गोष्ट त्या आकड्यांवर लावून बघा. मुंबईकरांना तर लोकल, मेट्रो आणि बेस्ट असं सगळंच हाताशी आहे. नोकरी बदलण्यासाठी म्हणून घेणार असाल तर मात्र एवढ्याने भागणार नाही, त्याला नियोजनाची रीतसर पदवी लागते.

आता मी आणि काका मिळून नाशिक फाट्याचा कागद करतो आहोत. सकाळी आठ ते दहा, प्रत्येक गाडीतून किती माणसं उतरली, किती जणांना पाच मिनिटांच्या आत बस किंवा रिक्षा मिळाली. काका बसच्या बाजूला उभे राहतात, मी जिन्यापाशी. दोन शनिवार झाले, अजून चार करायचे आहेत. येत्या शनिवारी जाऊबाई येणार आहे, तिसरा माणूस रिक्षांच्या रांगेपाशी हवा होता. तिने स्वतःची वही आणली आहे.